ओमाकासे आणि आगटी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'ओमाकासे' हा जपानी शब्द 'माकासेरु' म्हणजे 'सोपवणे' या क्रियापदापासून आला आहे. 'तुमच्यावर सोपवले', एवढाच त्याचा अर्थ. सुशीच्या लहानशा उपाहारगृहात गिऱ्हाईक हा शब्द उच्चारते, आणि त्यानंतर काय खायचे, कोणत्या क्रमाने खायचे, हे सारे स्वयंपाकी ठरवतो. मध्ये एक लाकडी फळी असते. तिच्या अलीकडे आठ-दहा माणसे बसतात, पलीकडे स्वयंपाकी उभा असतो. व्हिनेगर घातलेल्या भाताचा तो बोटांनी छोटा मुटका वळतो, त्यावर माशाचा काप बसवतो आणि समोर ठेवतो. तो तिथल्या तिथे तोंडात टाकायचा. भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो; गप्पा मारीत बसले तर तो निवतो आणि केलेले वाया जाते.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वसाबी' हे जपानी उपाहारगृह सुरू झाले. पण आपल्यासारख्या विद्यार्थ्यांची मजल तेथवर जाणे कठीणच. मी जे लिहिते आहे ते वाचनावरून आणि २०११ साली निघालेल्या 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' या माहितीपटावरून. तो पाहताना मात्र एक गोष्ट वारंवार मनात येत होती, की हे आपण कोठेतरी पाहिले आहे. जपानात नव्हे, नगर जिल्ह्यातच. पौषातल्या थंडीत, ज्वारीच्या रानात, हुरड्याच्या आगटीपाशी!

प्रथम सुशीविषयी थोडे. तिचे मूळ राजेशाही नाही. पूर्वी जपानी लोक मासे टिकावेत म्हणून भातात महिनोन् महिने मुरवून ठेवीत आणि भात टाकून देऊन मासा खात. बिवा सरोवराच्या परिसरात अशी 'फुनाझुशी' आजही करतात. हाताने वळलेली सुशी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेई याला दिले जाते. ती रस्त्यावरच्या टपरीवर विकत. घाईत असलेला माणूस उभ्याउभ्या दोन घास खाऊन पुढे जाई. बर्फाची सोय नसल्याने मासा मीठ-व्हिनेगरात किंवा सोयासॉसमध्ये मुरवीत, नाहीतर शिजवून घेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तर गिऱ्हाइकाने आपला तांदूळ द्यायचा आणि बदल्यात सुशी घ्यायची, अशी व्यवस्था होती. दळण घेऊन गिरणीत जावे तसे! आज श्रीमंतीचे लक्षण समजला जाणारा हा पदार्थ असा टपरीवरून वर चढला आहे.

माहितीपटातील जिरो ओनो यांचा जन्म १९२५ सालचा. लहान वयातच घर सोडून ते कामाला लागले. टोकियोच्या गिन्झा भागात, एका इमारतीच्या तळघरात त्यांनी १९६५ साली दुकान काढले. बसायला जागा अवघ्या दहा. २००७ साली मिशेलिन मार्गदर्शिकेने त्याला तीन तारे दिले, आणि सर्वसामान्यांना तेथे जागा राखून मिळत नाही म्हणून २०१९ साली ते दुकान तिच्यातून वगळले. २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना जपानच्या पंतप्रधानांनी तेथेच जेवायला नेले होते. या मानमरातबापेक्षा मला दोन बारकावे महत्त्वाचे वाटतात. गिऱ्हाईक डावखुरे आहे असे दिसले की जिरो पुढचा घास डाव्या बाजूला ठेवतात. बायकांसाठी घास किंचित लहान वळतात, म्हणजे सर्वांचे खाणे बरोबरीने चालते. सोपवून घेणे याचा अर्थ असा आहे. निवड त्याची, पण लक्ष सारे खाणाऱ्याकडे.

आता आगटी. रब्बीची ज्वारी चिकातून बाहेर पडून दाणा भरला, पण टणक झाला नाही, की ती हुरड्यात आली असे म्हणतात. ही अवस्था फार दिवस टिकत नाही. रानातच खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव करतात, आणि धग बसली की तोडलेली कणसे त्या राखेत खुपसतात. भाजणारा ती एकेक काढतो, हाताला चटके बसत असताना चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि हिरवे, वाफाळते दाणे आपल्या ओंजळीत टाकतो. सोबत गूळ, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, दही. कोणते कणीस घ्यायचे हे पाहुणा ठरवीत नाही. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही नावे जुनी माणसे सांगतात. गूळभेंडीचा दाणा चोळताच सुटतो म्हणून तिला मान. भरणारे कणीस कोवळे मोडायचे म्हणजे पदरच्या धान्यावर पाणी सोडायचे. म्हणून हुरडा पूर्वी विकत नसत, त्याला बोलावीत.

माझे वडील सालदार होते. मालकाच्या रानात पाहुणे आले की आगटीवर तेच बसत. दात नसलेल्या म्हाताऱ्याला कोवळे कणीस, पोरांना जरा जास्त भाजलेले, हे ते कोणी न सांगता करीत. जिरोंचा डावखुऱ्या गिऱ्हाइकाचा प्रसंग मला म्हणूनच नवा वाटला नाही. फरक इतकाच, की पाहुणे उठल्यावर विझत्या राखेत जी कणसे राहत ती आमच्या वाट्याची. वडील आयुष्यभर समोर येईल ते खात आले, पण त्याला 'ओमाकासे' म्हणता येणार नाही. ज्याच्यापाशी निवड आहे तोच ती दुसऱ्यावर सोपवू शकतो. ज्याच्यापाशी ती कधी नव्हतीच, तो काय सोपवणार? दोघांच्याही हातात पदार्थांची यादी नसते, म्हणून दोघे सारखे ठरत नाहीत.

हल्ली हुरडा पार्टीला माणशी दर असतो. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले, आणि शहरातील मंडळी गाड्या करून येतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे चांगलेच आहे. 'परंपरा बाटली' म्हणून गळा काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण मी जे फलक पाहिले त्यांवर शेताचे नाव होते, मालकाचे होते, भरीत-भाकरीपासून बैलगाडीपर्यंत सारे होते. भाजणाऱ्याचे नाव एकावरही नव्हते. टोकियोत दुकानाचे नावच स्वयंपाक्याच्या नावावरून आहे आणि लोक त्या हातासाठी पैसे मोजतात. आपल्याकडे तो रोजंदारीवरचा गडी असतो, उद्या दुसरा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण काढले आहेत. वाणावर संशोधन झाले, भाजण्यावर कोणी काही लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. म्हणून मी वडिलांनाच विचारले. माहितीपटात जिरोंकडील उमेदवारांना माशाला हात लावण्याआधी गरम टॉवेल पिळायला शिकावे लागते, हेही त्यांना सांगितले. ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी मला तीन हिवाळे कणसाला हात लावू दिला नाही. नुसत्या गोवऱ्या रचायच्या. कोणती गोवरी धूर करते आणि कोणती धग धरते, ते कळल्यावर मग पहिलं कणीस."