जुना खेळ पारखताना



पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण कसे लिहावे, हे आपण मराठीच्या तासाला शिकतो. नुसते 'आवडले' किंवा 'आवडले नाही' लिहून गुण मिळत नाहीत. का, ते सांगावे लागते. हीच शिस्त जुन्या व्हिडिओ गेमला कशी लावायची, ते या पाठात पाहू.

विषय पोरखेळाचा वाटेल, पण यावरून घरोघरी वाद होतात. आई-बाबा म्हणतात, "आमच्या वेळचा मारिओ, तो खरा खेळ!" मुले म्हणतात, "त्यात आहे काय? नुसते चौकोनी ठिपके!" आमच्या मते दोन्ही पक्ष खेळाविषयी बोलतच नाहीत. पालक आपल्या लहानपणाविषयी बोलतात आणि मुले चित्रांविषयी. खेळ बाजूलाच राहतो. तो नीट पारखण्यासाठी आम्ही चार प्रश्न सुचवतो.

प्रश्न पहिला : यंत्राची ताकद किती होती?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा कन्सोल बाजारात आणला. त्याच्या मुख्य मेमरीत फक्त २ किलोबाइट जागा होती. १९८५ साली याच यंत्रासाठी 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आला. तो संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे : ३२ लेव्हल, सगळे शत्रू, सगळे संगीत. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो सहज याच्या पन्नासपट जागा घेतो.

मग एवढ्या जागेत हे बसवले कसे? काटकसरीने. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप नीट पाहा. आकृती एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. शिवाय पडद्याच्या एका आडव्या रेषेत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दिसू शकत. जास्त झाले की ती चित्रे लुकलुकत. ही मर्यादा यंत्राची होती, हे ध्यानात ठेवूनच चित्रांना गुण द्यावेत.

प्रश्न दुसरा : त्याच यंत्रावर इतरांनी काय केले?

पण 'यंत्रच दुबळे होते' ही सबब प्रत्येक वेळी चालणार नाही. अमेरिकेत १९७७ साली आलेल्या अटारी २६०० ची मेमरी तर अवघी १२८ बाइट होती. किलोबाइट नव्हे, बाइट! १९८२ साली या यंत्रासाठी आलेले दोन खेळ शेजारी ठेवून पाहू.

पहिला डेव्हिड क्रेन यांचा 'पिटफॉल'. अवघ्या ४ किलोबाइटमध्ये त्यांनी २५५ पडदे भरतील एवढे जंगल उभे केले. वीस मिनिटांत ३२ खजिने शोधायचे असतात. खड्डा कुठे, मगर कुठे, वेल केव्हा धरायची, हे सारे डोळ्यांना स्पष्ट दिसते. चुकलो तर चूक आपलीच, हे पटते.

दुसरा 'ई. टी.', त्याच नावाच्या चित्रपटावरचा. यात नायक वारंवार खड्ड्यात पडतो. महत्प्रयासाने वर यावे, तर खड्ड्याच्या कडेला चित्राचा जरासा स्पर्श होताच पुन्हा आत! खेळणाऱ्याला आपले काय चुकले तेच कळत नाही. यंत्र तेच आणि वर्षही तेच असल्यामुळे दोष यंत्राचा म्हणता येत नाही. मग कर्त्याचा म्हणावा काय? तेही अन्यायाचे होईल. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी 'यार्स रिव्हेंज' हा नावाजलेला खेळ आधी केला होता. 'ई. टी.' मात्र नाताळच्या विक्रीसाठी हवा होता आणि त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. न विकलेल्या मालाचा एक भाग कंपनीने १९८३ साली न्यू मेक्सिकोतील आलमोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ साली त्यातला काही माल उकरून काढण्यात आला.

यातून परीक्षणाचा एक नियम मिळतो : परिस्थिती समजून घेतली म्हणून निकाल बदलत नाही, पण निकाल देताना माणसाचा अपमान होत नाही.

प्रश्न तिसरा : खेळ शिकवतो, की नुसता हरवतो?

आता पुन्हा मारिओकडे वळू. पहिल्या लेव्हलमध्ये एकही सूचना लिहिलेली नाही. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. तिकडे जायचे हे आपोआप कळते. ठोकळ्यातून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, पाइपाला आपटतो आणि आपल्याकडे परत येतो. तो अंगावर आला की मारिओ मोठा होतो, म्हणजे ही वस्तू चांगली, हा धडा मिळाला. पुढे पायऱ्यांचे दोन ढीग येतात. त्यांच्या मध्ये जमीन असते, उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच तसेच आणखी दोन ढीग येतात, पण या वेळी मध्ये खोल खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा! आम्हा शिक्षकांनाही यातून घेण्यासारखे आहे.

मात्र सारेच निर्दोष नाही. सातव्या जगाच्या चौथ्या लेव्हलमध्ये चुकीच्या वाटेने गेलो तर त्याच जागा पुन्हा पुन्हा येतात, आणि बरोबर वाट कोणती याची खूण खेळ देत नाही. हे न शिकवता पेपर काढण्यासारखे झाले. येथे आम्ही गुण कापू.

प्रश्न चौथा : आपण तोच खेळ खेळत आहोत ना?

'डक हंट' या खेळात पिस्तुलाने बदके टिपायची असतात. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि पिस्तुलातला सेन्सर तो उजेड टिपतो. हे गणित जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवर बेतलेले आहे. मूळ पिस्तूल आजच्या सपाट टीव्हीवर काम करत नाही. त्यावर खेळून 'खेळ टाकाऊ' म्हणणे योग्य ठरणार नाही.

आपल्या देशात नव्वदच्या दशकात बहुतेकांनी खेळले ते फॅमिकॉमच्या नकला असलेल्या यंत्रांवर. 'कॅसेट'वर हजारो-लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. आत मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. तेव्हा पालकांनीही आठवणीवर विसंबू नये. खेळ पुन्हा खेळावा, मग बोलावे.

आमचा निकाल असा : 'सुपर मारिओ ब्रदर्स' आजही उत्तम ठरतो. त्याचे कारण तो जुना आहे हे नसून खेळणाऱ्याला तो विश्वासात घेऊन शिकवतो हे आहे. आपला निकाल वेगळा असू शकेल. सोबत पुरावा मात्र हवा.

स्वाध्याय

१. पालकांसोबत एक जुना खेळ अर्धा तास खेळा. त्याचा एक गुण आणि एक दोष कारणांसह लिहा.

२. आता अदलाबदल करा : आपला आवडता नवा खेळ पालकांना खेळायला द्या आणि त्यांना तेच चार प्रश्न विचारा.

३. 'खेळ अवघड असणे' आणि 'खेळ अन्यायी असणे' यांतील फरक उदाहरण देऊन पाच ओळींत स्पष्ट करा.