दारावरचा फलक आणि कायद्याचे बळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दुकानांच्या व उपाहारगृहांच्या दारांवर पिस्तुलाचे चित्र आणि त्यावर ओढलेली तांबडी तिरपी रेघ असा फलक पुष्कळदा आढळतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगण्यास परवाना लागतो. त्यामुळे सामान्य दुकानदारावर असा फलक लावण्याची वेळ सहसा येत नाही. अमेरिकेत मात्र कपड्यांखाली पिस्तूल बाळगून वावरण्याची मुभा, कोठे परवान्याने तर कोठे परवान्याविना, प्रत्येक राज्यात आहे. अशी मुभा देणारे शेवटचे राज्य म्हणजे इलिनॉय; तेथील कायदा २०१३ मध्ये झाला. साहजिकच प्रश्न उद्भवतो : दारावरचा फलक ही केवळ विनंती, की कायद्याची आज्ञा?

येथे प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती शासनावर बंधन घालते, खाजगी मालकावर नाही. आपल्या जागेत कोणास येऊ द्यावे हे ठरविण्याचा मालकाचा अधिकार तिने हिरावून घेतलेला नाही. म्हणून वाद मनाई करता येते की नाही याचा नसून, ती कशी कळवावी आणि मोडल्यास काय व्हावे, याचा आहे.

या वादामागे किती तीव्र भावना आहेत, हे टेक्सासच्या इतिहासावरून कळते. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील ल्यूबीज या उपाहारगृहात एका बंदूकधाऱ्याने २३ जणांचे प्राण घेतले. मृतांत सुझॅना हप यांचे आईवडील होते. हप यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर त्या वेळी बाहेर मोटारीत होते, कारण ते अंगावर बाळगणे तेव्हा बेकायदा होते. पुढे त्यांनी या कायद्याविरुद्ध जाहीरपणे बाजू मांडली व १९९६ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. तत्पूर्वीच, १९९५ मध्ये, परवानाधारकांना पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा देणारा कायदा टेक्सासमध्ये संमत झाला होता.

मुभा मिळताच मालकांच्या अधिकाराचा प्रश्न पुढे आला. त्यासाठी १९९७ मध्ये दंडसंहितेत ३०.०६ हे कलम घालण्यात आले. फलकावरील मजकूर कायद्याने शब्दशः ठरविला. तो इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, पार्श्वभूमीहून उठून दिसणाऱ्या रंगात आणि सहज नजरेस पडेल असा असावा लागतो. नुसते चित्र लावल्याने परवानाधारकास या कलमाखालील सूचना मिळाली असे मानले जात नाही. फलक बिनचूक असूनही कोणी पिस्तुलासह आत शिरला, तर २०० डॉलरपर्यंत दंड होतो. तोंडी सांगूनही तो बाहेर पडला नाही, तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. उघडपणे पिस्तूल बाळगणाऱ्या परवानाधारकांसाठी २०१६ पासून, तर परवाना नसलेल्यांसाठी २०२१ पासून निराळ्या फलकांची तरतूद आहे. सर्वांनाच मनाई करू पाहणाऱ्या दुकानदाराच्या दारावर म्हणून तीन फलक दिसतात.

इतर राज्यांत हीच गोष्ट निराळ्या रीतीने चालते. इलिनॉयमध्ये चार इंच बाय सहा इंचांचा, राज्य पोलिसांनी नमुना ठरवून दिलेला, चित्राचा फलक पुरतो. मिसूरीत फलक ओलांडून आत जाणे हा गुन्हा नव्हे. पण निघून जाण्यास सांगितल्यावर नकार दिला व पोलिसांना बोलवावे लागले, तर पहिल्या खेपेस १०० डॉलरपर्यंत दंड होतो. केंटकीतही परवानाधारकास बाहेर काढता येते. नुसता फलक मोडला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही.

या सर्व राज्यांत एक गृहीत समान आहे : मालकाचे मौन म्हणजे संमती. नको असेल तर त्याने बोलावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केल्यावर न्यूयॉर्कने त्याच वर्षी आणि हवाईने २०२३ मध्ये हे गृहीत उलटे केले. मालकाने स्पष्ट संमती दिल्यावाचून त्याच्या जागेत शस्त्र नेऊ नये, असा नियम त्यांनी केला. हवाईच्या नियमाविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुनावणीस घेतला.

वरवर पाहता फरक केवळ फलक कोणी लावावा एवढाच वाटतो. परंतु बहुसंख्य दुकानदार कोणताच फलक लावीत नाहीत. एका बाजूचे गिऱ्हाईक त्याने दुखावेल, लावला नाही तर दुसऱ्या बाजूचे, ही त्यांची अडचण असते. म्हणून जेथे कोणीच काही बोलत नाही, तेथे मौनाचा अर्थ कायदा ठरवितो. आणि त्या अर्थावरच रोजच्या हजारो दारांतून शस्त्र आत जाईल की बाहेर राहील, हे अवलंबून असते.