नृत्यपथकाचे मूल्यमापन : एक विचार

बॅले पथकाचा सूत्रधार बदलला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. 'पूर्वीची सर नाही' म्हणणारे एकीकडे, जुन्याच नृत्यनाट्यासाठी नव्या सूत्रधाराची पाठ थोपटणारे दुसरीकडे. दोघांचीही मोजपट्टी मला अपुरी वाटते.

शांति बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' स्थापन केले. त्यांच्या 'रामायणा'तील नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालतात. सांधे ताठ, वळणे तुटक, जणू वरून कोणी दोरी ओढते आहे. १९५४ मध्ये ते निवर्तले आणि पथकाची धुरा पत्नी गुल बर्धन यांच्याकडे आली. पथक पुढे ग्वाल्हेरला व नंतर भोपाळला गेले. २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले.

'रामायणा'च्या रचनेचे श्रेय त्यांना देता येत नाही. पण ती टिकवण्याचे? साचा झिजला की नगाच्या कडा बोथट होतात, हे आम्हां अंबडच्या कारखानदारी वस्तीतल्यांना सांगायला नको. नृत्यात साचा म्हणजे माणसाचे शरीर; ते दर पिढीला नव्याने घडवावे लागते. नर्तकाने लालित्याच्या मोहाने मनगट जरा सैल सोडले, की बाहुली संपली, माणूस उरला! म्हणून परीक्षकाने राम-सीतेपेक्षा मागच्या रांगेकडे पाहावे. तालमीतली ढिलाई प्रथम तेथे दिसते.

नव्या निर्मितीची कसोटी निराळी. शांति बर्धन यांच्यानंतर पथकाच्या नृत्यरचना प्रामुख्याने प्रभात गांगुली यांनी केल्या. त्यांचे गुणदोष गांगुलींच्या खाती मांडावेत. त्यांना ती मोकळीक मिळाली, हे मात्र गुल बर्धन यांच्या.