ओळखीच्या रस्त्यावरील रहस्य

रहस्यकथेची गोडी लहानथोरांस सारखीच असते. गुन्हा कोणी केला असेल, या विचारात वाचक गढून जातो आणि शेवटचे पान उलटल्याशिवाय त्यास चैन पडत नाही. परंतु तीच कथा त्याच्या स्वतःच्या गावात घडत असेल, तर या गोडीत आणखी एका आनंदाची भर पडते. परक्या शहराविषयी वाचताना लेखक सांगेल ते मुकाट्याने मान्य करावे लागते. आपल्या गावाच्या कथेत मात्र वाचक साक्षीदार होतो. अमुक चौकातून घाटावर पाच मिनिटांत पोहोचता येईल काय, त्या गल्लीला दुसरीकडून वाट आहे काय, हे त्यास ठाऊक असते.

कोलकात्याच्या वाचकांना हा आनंद शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी भरभरून दिला. त्यांनी ब्योमकेश बक्षीची पहिली कथा १९३२ साली लिहिली. ब्योमकेश स्वतःस ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवितो. त्याचे बिऱ्हाड हॅरिसन रोडवर आहे. सियालदह स्थानकाकडून हावड्याच्या पुलाकडे जाणारा हा गजबजलेला रस्ता शहरातील लोकांच्या नेहमीच्या पायाखालचा. त्याच रस्त्यावरील एका माडीवर असा कुशाग्र बुद्धीचा मनुष्य राहतो, ही कल्पनाच तेथील वाचकांस मोह घालणारी होती.

‘पथेर काँटा’ या कथेत माणसे भर रस्त्यात कोसळून मरतात. बंदुकीचा बार कोणास ऐकू येत नाही. मृताच्या शरीरात सापडते ती ग्रामोफोनची पिन! सारे चक्रावून जातात. ब्योमकेश मात्र एका आवाजाकडे लक्ष देतो. तो आवाज त्या रस्त्यावर दिवसभर होत असतो. तो सर्वांच्या कानी पडतो आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाही. तो आवाज कसला, हे ज्याचे त्याने कथेतच शोधावे.

या आनंदाचे मर्म येथेच आहे. परगावचा पाहुणा देवळाच्या कळसाकडे मान उंचावून पाहतो. गावकरी मात्र भाजीची पिशवी सांभाळीत त्याच कळसाखालून निघून जातो. सवय ही डोळ्यांवरची पट्टी होय. आपल्या गावातील रहस्यकथा ही पट्टी दूर करते. पुस्तक मिटून वाचक बाहेर पडतो, तेव्हा कोपऱ्यावरचा बंद वाडा आणि जिन्याखालचे दुकान त्यास नव्याने दिसू लागतात. शेजाऱ्यांविषयी संशय बाळगावा, असा मात्र या कथांचा उपदेश नाही. पुरावा तपासल्यावाचून कोणासही दोषी ठरवू नये, हेच ब्योमकेश आपल्या वागण्याने शिकवितो.

या कथांनी गतकाळही जपून ठेवला आहे. हॅरिसन रोड आज महात्मा गांधी रोड या नावाने ओळखला जातो. ब्योमकेश प्रथम अवतरला, तेव्हा हुगळी नदीवर होड्यांवर उभारलेला जुना पूल होता. आजचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला. ‘आदिम रिपु’ या कथेत १९४६ च्या दंगलींनी भयभीत झालेले शहर भेटते. आजोबांनी पाहिलेले ते कोलकाता नातवंडांना या पानांतून हिंडता येते.

विशेष हे की, शरदिंदु स्वतः पुढे कोलकात्यात राहिले नाहीत. चित्रपटांसाठी लेखन करण्याकरिता ते १९३८ साली मुंबईस आले आणि १९५२ साली पुण्यास स्थायिक झाले. ब्योमकेशच्या कित्येक कथा त्यांनी पुण्यात बसून लिहिल्या. शहर शेकडो कोस दूर होते, परंतु त्याच्या गल्ल्या लेखणीस पाठ होत्या. जे गाव मनुष्याने लक्षपूर्वक पाहिले, ते दूर गेले तरी त्यास अंतरत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या गावाच्या कथेत वाचक साक्षीदार होतो, असे का म्हटले आहे?
२. ‘सवय ही डोळ्यांवरची पट्टी होय’ हे वाक्य उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर आजवर लक्षात न आलेल्या पाच गोष्टी पाहा व त्यांविषयी दहा ओळी लिहा.