कळफलक : बोटांखालचा आणि काचेवरचा

लेखनाचे साधन बदलले की लिहिणाराही बदलतो, हे इतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही. शिशाचे खिळे आले तेव्हा पोथ्या उतरविणारा लेखनिक मागे पडला आणि खिळे जुळविणारा कामगार पुढे आला. टंकलेखन यंत्र आले तेव्हा कचेरीतील वळणदार अक्षराची किंमत उतरली आणि दहाही बोटे चालविणाऱ्याला नोकरी मिळू लागली. आज आमच्या वसतिगृहातील मुलगा अथवा मुलगी शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज भरते ती मोबाइलच्या काचेवर उमटणाऱ्या कळफलकाने. आणि पुढे नोकरीच्या परीक्षेला बसते तेव्हा समोर असतो तो प्रत्यक्ष कळांचा कळफलक. या दोहोंमध्ये नेमका काय भेद आहे, आणि मोबाइलवरील ॲपने दोहोंना सारखाच न्याय कसा द्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे काही माजी विद्यार्थी आज अशी ॲप घडविण्याच्या व्यवसायात आहेत, आणि पालकवर्ग तर ती रोजच वापरतो.

थोडे मागे जाऊ. रेमिंग्टन कंपनीचे पहिले टंकलेखन यंत्र १८७४ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठी घडविलेल्या त्या सांगाड्यात पुढे देवनागरी बसविली गेली, ती अर्थातच दाटीवाटीने. जोडाक्षरे शेकडो, कळा मात्र मोजक्या. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडण्यात आले. अर्धा ‘ग’ एका कळेवर, काना दुसऱ्या कळेवर. दोन्ही दाबल्या की ‘ग’ पूर्ण. ‘किती’ लिहावयाचे तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे उमटते. यंत्राला भाषा ठाऊक नव्हती. उजवीकडून डावीकडे सरकणारा कागद तेवढा ठाऊक होता. टंकलेखन संस्थांतून अनेक पिढ्या हीच पद्धत शिकल्या आणि तिच्यावर संसार चालले, हे विसरता येणार नाही.

संगणक आल्यावर हा प्रश्न मुळापासून सोडविण्याची संधी मिळाली. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाण म्हणून पुढे आणला. त्याची रचना आमच्या मते भारतीय वर्णमालेला शोभणारी आहे. स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या कळेवर ‘क’, तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. गुजराती, बंगाली, तेलुगू यांचा ‘क’ही त्याच कळेवर. येथे ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो त्याच क्रमाने. युनिकोडनेही साठवणुकीचा हाच क्रम स्वीकारला. वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, यंत्राच्या स्मृतीत मात्र ती नंतर असते. पुढील विवेचनात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

मोबाइलचा इतिहास याहून बराच धाकटा. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने प्रत्यक्ष कळा काढून टाकल्या आणि कळफलक काचेवर आणला. २००८ मधील पहिल्या अँड्रॉइड फोनला मात्र पडद्याखालून सरकणारा खराखुरा कळफलक होता. काचेवरचा कळफलक अँड्रॉइडमध्ये २००९ च्या एप्रिलमध्ये, १.५ या आवृत्तीपासून आला. त्याच वेळी एक महत्त्वाची गोष्ट घडली : कळफलक हा ॲपपासून वेगळा, ज्याने त्याने आपल्या पसंतीने बदलावा असा स्वतंत्र घटक झाला. म्हणूनच आयआयटी मुंबईतील प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाला ‘स्वरचक्र’ घडविता आले. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात, आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उघडते. पहिलीत बाराखडी घोकलेल्या माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

आता मूळ भेदाकडे वळू. प्रत्यक्ष कळ दाबली की ती यंत्राला कळविते : अमुक कळ खाली गेली, अमुक कळ वर आली. काचेवरचा कळफलक असे काही कळविण्यास बांधील नाही. तो ॲपच्या हाती तयार मजकूर देतो. कधी एक अक्षर, कधी सुचविलेल्या यादीतून निवडलेला पूर्ण शब्द, कधी बोट न उचलता रेघ ओढून लिहिलेला शब्द, तर कधी बोलून टिपलेले अख्खे वाक्य. यात ‘कळ’ कोठेच दाबली गेलेली नसते. ज्या ॲपची रचना ‘कळ दाबली गेली की अक्षर आले’ या गृहीतावर उभी आहे, त्याला हा मजकूर दिसतच नाही किंवा अर्धवट दिसतो. शोधाच्या चौकटीत शब्द उमटलेला असतो, पण ‘शोधा’ हे बटण निर्जीवच राहते. याचे कारण अनेकदा हेच असते. याउलट केवळ काचेवरच्या कळफलकाचा विचार करून घडविलेल्या ॲपला खरा कळफलक जोडला तर टॅब, बाण, एंटर या कळांचे काय करावे हे त्याला सुचत नाही. तेव्हा ॲपने लक्ष ठेवावे ते चौकटीतील मजकुरावर, आणि कळांवर ठेवावे ते केवळ आज्ञांपुरते. मजकूर कोणत्या वाटेने आला, हा प्रश्नच त्याने विचारू नये.

मराठीच्या बाबतीत हा भेद अधिकच जाचतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याच्या कळफलकात शब्द जुळत असतो तोवर तो अधोरेखित, कच्चा असतो. जागा सोडली किंवा सूचना निवडली की पक्का होतो. काही ॲप या कच्च्या अवस्थेतच मजकूर ‘स्वच्छ’ करू पाहतात. न ओळखलेली चिन्हे काढून टाकतात, पाय मोडलेले अक्षर अशुद्ध ठरवितात. परंतु ‘क्’ हा ‘क्ष’च्या वाटेवरचा मुक्काम आहे. मुक्कामालाच प्रवाशाला उतरवून दिले तर तो गावी पोहोचणार कसा? तपासणी करावयाची ती शब्द पुरा झाल्यावर, शक्य तर अर्ज पुढे पाठविताना करावी.

आमच्या हजेरीपटावरील नावे पाहावीत : सिद्धार्थ, संघमित्रा, तक्षशिला, प्रज्ञा. १९५६ नंतर आपल्या समाजाने ही नावे मोठ्या निश्चयाने घराघरांत आणली. ‘सिद्धार्थ’ हे नाव वाचणाऱ्याला तीन अक्षरांचे. युनिकोडमध्ये मात्र ते नऊ चिन्हांचे आहे : स, वेलांटी, द, पाय, ध, काना, र, पाय, थ. साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण सत्तावीस. नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घालणाऱ्याने बहुधा इंग्रजी नावेच डोळ्यांसमोर ठेवलेली असतात. मराठी नावाचा शेवट तेथे कापला जातो आणि कधी तर अक्षराच्या मधोमध. एका शिष्यवृत्तीच्या ॲपवर आमच्या एका विद्यार्थिनीच्या नावातील शेवटचे जोडाक्षर असेच तुटले. ते दाखल्यावरील नावाशी जुळेना, आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी तिच्या वडिलांना दोन दिवसांची मजुरी सोडून तालुक्याला जावे लागले. रकान्याची लांबी हा केवळ तांत्रिक तपशील नाही, हे त्या वेळी आम्हांला नीट उमगले.

नावाच्या रकान्यात आपोआप होणारी दुरुस्तीही बंद ठेवली पाहिजे. कळफलकाच्या कोशात नसलेल्या आडनावाच्या जागी तो कोशातला ‘बरा’ शब्द बसवितो, आणि घाईत ते लक्षात येत नाही. ॲप घडविणाऱ्याला ही सूचना कळफलकाला देता येते. तिला एका ओळीपेक्षा अधिक श्रम लागत नाहीत. ‘प्रज्ञा’सारख्या नावाची आणखी एक गंमत आहे. रोमन लिपीतून लिहिताना मराठी माणूस ‘द्‌न्य’ असा उच्चार मनात धरतो, हिंदी माणूस ‘ग्य’ असा. कळफलक कोणाच्या उच्चारावर बेतला आहे, त्यावर मुलीचे नाव पहिल्या प्रयत्नात येते की चौथ्या, हे ठरते.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे भेद शिक्षकवर्गाला सांगावयास नकोत. रोमन अक्षरांत या जोड्या एकसारख्याच दिसतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र ‘जे’च्या कळेवर ‘र’ आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’, अशी स्वतंत्र सोय आहे. त्यातही हा अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो : एक ‘ऱ’ हे चिन्ह वापरून, दुसरा ‘र’, पाय आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘ॲप’मधील ‘ॲ’चेही असेच, ते एकच चिन्ह असू शकते किंवा ‘अ’ आणि चंद्र यांची जोडी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोध घेणाऱ्या ॲपला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एकाने मोबाइलवर लिहिलेला शब्द दुसऱ्याने संगणकाच्या कळफलकावरून शोधावा आणि ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर यावे, हा प्रकार पुष्कळदा यातून घडतो. शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच साच्यात आणणे हे ॲपचे काम आहे, वाचकाचे नव्हे.

काचेवरचा कळफलक पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतो. अर्जाच्या तळाचा रकाना आणि ‘सादर करा’ हे बटण त्याखाली दडले की वडीलधारी माणसे फोन बाजूला ठेवून म्हणतात, “हे आमच्याने व्हायचे नाही.” वास्तविक उरलेल्या जागेत पान सामावून घेण्याची किंवा चालू रकाना वर सरकविण्याची सोय यंत्रणेतच असते, ती मागावी लागते, इतकेच. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांचा कळफलक उघडावा, आणि कोणी १, २, ३ असे देवनागरी अंक लिहिले तर तेही स्वीकारावेत. एका ओळीच्या रकान्यात कोपऱ्यातील कळेवर ‘पुढे’ असावे, शेवटच्या रकान्यात ‘झाले’. निबंधाच्या रकान्यात मात्र त्या कळेने नवी ओळ यावी. अर्धा निबंध पाठविला जाऊ नये.

खरा कळफलक मोबाइलला जोडावा कशाला, असे काही पालक विचारतात. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो, आणि तो अंगठ्यांनी साधत नाही. घरी संगणक नसला तरी फोन असतो. त्याला तारेने किंवा ब्लूटूथने साधा कळफलक जोडला की सराव सुरू होतो. ज्यांची बोटे काचेवर स्थिर राहत नाहीत आणि जे ऐकून फोन वापरतात, त्यांनाही खऱ्या कळांचा मोठा आधार असतो. यासाठी ॲपने काही पथ्ये पाळावीत. टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना क्रम वाचनाचाच असावा, आणि आपण कोठे आहोत हे ठळक दिसावे. प्रत्येक बटणापर्यंत बोट न लावता पोहोचता यावे. सर्वांत घातक चूक निराळीच आहे : अँड्रॉइडमध्ये कळफलक जोडला किंवा काढला की यंत्रणा ॲपचा पडदा नव्याने उभारू शकते, आणि ॲपने मजकूर जपून ठेवला नसेल तर तो नाहीसा होतो. तासभर लिहिलेला मजकूर कळफलकाची बॅटरी संपल्यामुळे गेल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या मुलाने पुन्हा लिहिले. पण पहिले लेखन अधिक चांगले होते.

तेव्हा ॲप घडविणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक स्वाध्याय. आपल्या ॲपमधील प्रत्येक चौकटीत ‘सिद्धार्थ’, ‘तक्षशिला’, ‘दऱ्या’ आणि ‘ॲप’ हे चार शब्द चार प्रकारे लिहून पाहावेत : रोमन अक्षरांतून, स्वरचक्राने, बोलून, आणि जोडलेल्या कळफलकावर इनस्क्रिप्टने. प्रत्येक शब्दाच्या शेवटी खोडण्याची कळ एकदाच दाबावी आणि काय उरते ते पाहावे. शब्द अर्धा लिहून झाला असता कळफलक काढावा, पुन्हा जोडावा. मग तोच शब्द शोधून पाहावा. जेथे उत्तर चुकेल तेथे खूण करावी, आणि ती यादी आपल्या वरिष्ठांपुढे ठेवताना हजेरीपटावरील नावेही सोबत ठेवावीत.