पंक्तिप्रपंच आणि सुनावणी

एकाच पंक्तीत बसलेल्या दोघांना निराळे वाढणे याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो. घरच्या कार्यात तो घडला तर यजमानाची चार ठिकाणी निंदा होते आणि गोष्ट तेथेच मिटते. परंतु पंक्ती सरकारी खर्चाने बसली असेल, शाळा अनुदानावर चालत असेल, तर तेथील यजमान एक व्यक्ती नसून सारी जनता होय. अशा ठिकाणी भेदभाव झाला तर दाद कोणाकडे मागावी, चौकशी कशी व्हावी आणि निकाल कसा असावा, याचा थोडक्यात अभ्यास करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

ठराव झाला, पुढे काय?

हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तथापि प्रत्यक्ष पाणी भरू देण्याची वेळ आली तेव्हा ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळे खाजगी असल्याचा दावा दिवाणी कोर्टात दाखल झाला आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. म्हणजे ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत होण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. हक्क जाहीर करणे ही अर्धीच गोष्ट. तो नाकारला गेला तर लवकर आणि जवळ ऐकणारा कोणी असणे, ही उरलेली अर्धी.

राज्यघटनेचे सूत्र

राज्यघटनेच्या २९व्या अनुच्छेदाचा दुसरा भाग स्पष्ट आहे. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. १९५४ साली याची कसोटी लागली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत घेऊ नये, असा आदेश तेव्हाच्या मुंबई सरकारने काढला. देवळालीची बार्न्स हायस्कूल ही अनुदानित शाळा चालविणारी संस्था न्यायालयात गेली. प्रथम उच्च न्यायालयाने आणि मागाहून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश या अनुच्छेदाविरुद्ध ठरविला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भेद करणारा नेहमी संस्थाचालकच असतो असे नाही; कधी सरकारी आदेशही भेद करतो आणि संस्था मुलांच्या बाजूने उभी राहते.

पैसा थांबविण्यापूर्वी ऐकून घेणे

अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. केंद्र सरकारच्या मदतीवर चालणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून वंश, वर्ण वा मूळ राष्ट्र यांवरून कोणास वगळता येणार नाही, असे त्यात सांगितले. मदत बंद करण्याचा मार्गही तेथे पायरीपायरीने बांधून दिला आहे. प्रथम संस्थेला दोष कळवावा; ती आपण होऊन सुधारते काय ते पाहावे; न सुधारल्यास सुनावणीची संधी द्यावी; पुराव्याच्या नोंदीवरून स्पष्ट निष्कर्ष लिहावा; त्याचा अहवाल प्रतिनिधिगृहाच्या व सिनेटच्या संबंधित समित्यांना द्यावा आणि तीस दिवस लोटल्यावरच पैसा थांबवावा. शिवाय जेथे दोष सिद्ध झाला त्याच कार्यक्रमापुरती ही कारवाई असावी.

आपल्याकडे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यास १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या ९व्या कलमानुसार सरकारी मदत घेणाऱ्या देवस्थानाचा वा शिक्षणसंस्थेचा व्यवस्थापक किंवा विश्वस्त या कायद्याखाली दोषी ठरला आणि अपिलातही शिक्षा कायम राहिली, तर सरकार ते अनुदान स्थगित करू शकते वा परत घेऊ शकते. मात्र येथे आधी फौजदारी खटला, मग अनुदानाचा विचार, असा क्रम आहे.

शाळेतील तक्रारीचा मार्ग

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने जवळची वाट दाखविली. दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना कोणत्याही कारणाने भेदभावाची वागणूक मिळू नये, हे पाहण्याचे कर्तव्य शासन आणि स्थानिक प्राधिकरण या दोघांवर आहे. कलम ३२ प्रमाणे कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. महानगरपालिका, नगरपरिषद, पंचायत किंवा शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली अन्य संस्था हे ते प्राधिकरण होय. दोन्ही पक्षांस म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. निर्णय न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. साक्षीदारास बोलाविणे, कागदपत्रे मागविणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आयोगास चौकशीत असतात. अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. परंतु अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेस २९वा अनुच्छेद चुकत नाही.

खरी सुनावणी कोणती?

समजा, उज्जैनच्या एखाद्या शाळेत मध्यान्ह भोजनाच्या वेळी काही मुलांना वेगळे बसविले जाते. पालकाने तक्रारीत दिवस, वेळ, स्थळ, काय घडले, कोणी पाहिले आणि आपली मागणी काय, एवढे साध्या शब्दांत लिहावे. अर्जाची प्रत ठेवावी व पोच घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांवर अत्याचार झाला असेल तर १९८९ च्या कायद्याखाली पोलिसांकडे जाण्याचा मार्ग निराळा आहे आणि तो या तक्रारीने बंद होत नाही.

पुढील सुनावणीत चार गोष्टी असाव्यात. पहिली, शाळेला आरोप नेमका कळवावा. मोघम आरोपास उत्तर देता येत नाही. दुसरी, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याने निवाड्यास बसू नये. १९६९ च्या क्रैपाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व प्रशासकीय कामासही लागू केले. तिसरी, एकाने दिलेला कागद दुसऱ्यास दाखवावा व त्यावर बोलू द्यावे. चौथी, निर्णयाची कारणे लिहावीत. प्रशासकीय निवाड्यातही कारणे असली पाहिजेत, असे १९९० साली त्याच न्यायालयाने सांगितले. कारणांवाचून आलेल्या निर्णयाविरुद्ध अपील करणारा अंधारात काठी फिरवितो.

आणखी एक काळजी हवी. लहान मुलास भरल्या कचेरीत उभे करून उलटतपासणी घेणे म्हणजे त्याचा दुसऱ्यांदा अपमान होय. त्याचे म्हणणे विश्वासू माणसाच्या सोबतीने, शांतपणे ऐकावे.

संस्थाचालकांसाठी दोन शब्द

धर्मादाय संस्थांनी सुनावणीस शत्रू समजू नये. खोट्या आरोपापासून त्यांचे रक्षण तीच करते. शिक्षणहक्क कायद्याच्या १८व्या कलमात म्हटले आहे की, ऐकून घेतल्याशिवाय शाळेची मान्यता काढता येत नाही. आणि काढलीच तर तेथील मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत घ्यावे हेही त्याच आदेशात लिहावे लागते. या तरतुदीत मोठे शहाणपण आहे. अनुदान बंद झाले की पहिला फटका मुलांनाच बसतो, आणि त्यांतच ते वेगळे बसविलेले मूलही असते. म्हणून सुनावणीचा पहिला हेतू पंक्त सरळ करणे हा असावा, शिक्षा त्यानंतर.

प्रत्येक संस्थेने तक्रारवही ठेवावी, ती कोठे आहे हे पालकांस ठाऊक असावे, आणि आलेल्या तक्रारीस लेखी उत्तर द्यावे. यास फारसा खर्च येत नाही. ज्या घरात गाऱ्हाणे ऐकले जाते, तेथील भांडण सहसा चव्हाट्यावर जात नाही.