लाट आणि आकड्यांची रांग

बऱ्हाणपुरात यंत्रमागांचा खडखडाट कानी पडला नाही असा विद्यार्थी विरळा. हे माग चालविणारी वीज तापीच्या पाण्यासारखी एकाच दिशेने वाहत नाही. सेकंदास पन्नास वेळा ती पुढे जाऊन मागे येते. ऑसिलोस्कोप नावाचे यंत्र तिची लाट पडद्यावर काढून दाखविते. आजचा ऑसिलोस्कोप ठराविक अंतराने लाटेचे मोजमाप घेतो आणि ती आकड्यांची रांग म्हणून साठवितो.

एका आवर्तनात आठच मोजमापे घेतली असे समजू: ०, २३०, ३२५, २३०, ०, −२३०, −३२५, −२३०. यांची सरासरी काढा. उत्तर शून्य! मग दिवा लागतो कसा? कारण तारेतील उष्णतेला दिशेशी कर्तव्य नसते. म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. वर्गांची बेरीज ४,२२,८५०. तीस आठाने भागता ५२,८५६.२५, वर्गमूळ सुमारे २३०. घरातल्या विजेचे २३० व्होल्ट म्हणतात ते हेच. लाटेचे शिखर मात्र ३२५ पर्यंत जाते.

आठ आकडे हाताने होतील. ऑसिलोस्कोपच्या रांगेत ते हजारोंनी असतात. पुष्कळ संगणकभाषांत ‘पहिला घे, वर्ग कर, बाजूस ठेव, दुसरा घे’ असे सांगत बसावे लागते. केनेथ आयव्हरसन या कॅनडात जन्मलेल्या गणितज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात शिकविताना निराळी लेखनपद्धती रचली, व १९६२ साली ती ग्रंथरूपाने मांडली. तिच्यातूनच एपीएल ही संगणकभाषा निघाली. आम्ही भाषा शिकविणारे, तेव्हा व्याकरणाच्या अंगाने सांगतो: या भाषेत संपूर्ण रांग हेच एक नाम असते. ‘मुलांनो, उभे राहा’ म्हटले की सगळा वर्ग उभा राहतो, प्रत्येकाचे नाव घ्यावे लागत नाही; तसेच हे. मात्र कंचेभागुबेव येथे चालत नाही. क्रिया उजवीकडून होत येतात, म्हणून ३ × ४ + ५ चे उत्तर तेथे २७! परीक्षेत असे लिहिल्यास आमचे गणिताचे सहकारी क्षमा करणार नाहीत. आज पायथन भाषेतील नमपाय हे साधनही रांगेवर असाच एकदम हुकूम चालविते.

हा व्यवहार केवढा वाढू शकतो ते पाहावयाचे तर पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळील खोडद येथे जावे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येकीने टिपलेल्या लाटेची रांग बनते, आणि प्रत्येक दोन अँटेनांच्या रांगा परस्परांशी गुणल्या जातात. अशा जोड्या होतात ४३५.

परंतु आपल्या घरचेच उदाहरण अधिक निकडीचे आहे. अनेक स्वस्त मीटर उणे चिन्हे सोडून साधी सरासरी घेतात व तिला १.११ ने गुणतात. लाट गुळगुळीत असेल तर उत्तर बरोबर येते. पण काही एलईडी दिवे व संगणक वीज तुटकतुटक, शिखरापाशीच ओढतात. प्रवाहाची रांग अशी धरा: ०, ०, ८, ०, ०, ०, −८, ०. वर्गांच्या रीतीने उत्तर ४ अँपिअर. स्वस्त मीटर दाखवील अवघे २.२. उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे मीटरवर विसंबून जेवढी अपेक्षिली त्याच्या तिपटीहून अधिक उष्णता भिंतीतली तार निमूटपणे सोसत असते.